विश्लेषण : ‘कॅड’ फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये का बिघडते? उत्तर पिएर बेझिए यांच्या आयुष्यात

एका प्रोग्राममध्ये काढलेला सुटा भाग दुसऱ्यात उघडला की त्याची एखादी बाजूच गायब होते. गोल भोक छोट्या छोट्या सरळ रेषांचे बनते. तळहाताएवढा ब्रॅकेट पडद्यावर दारापेक्षा उंच दिसतो. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या टूलरूममध्ये काम करणाऱ्यांना यात नवे काही नाही. ‘फाइल करप्ट आहे, पुन्हा पाठवा’ असा निरोप जातो, फाइल पुन्हा येते आणि पुन्हा तशीच उघडते. कारण बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. आकार सांगण्याची दोन प्रोग्रामची रीत वेगळी असते. हा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. फ्रान्समधल्या एका मोटार कारखान्यातील अभियंत्याने त्यावर आपल्या नोकरीची शेवटची पंधरा वर्षे घातली. त्याचे नाव पिएर बेझिए. आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्याला ‘बेझियर कर्व्ह’ म्हणतात, तो वक्र यांचाच.

कोण होते बेझिए?

पिएर एतिएन बेझिए यांचा जन्म 1 सप्टेंबर 1910 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील अभियंता, आजोबाही अभियंता. पिएर यांनी 1930 मध्ये ‘आर ए मेतिए’ या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेतून यंत्र अभियांत्रिकीची आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. 1933 मध्ये ते रेनॉ (आपल्याकडे ‘रेनॉल्ट’) कंपनीत लागले आणि 1975 मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे 42 वर्षे तिथेच राहिले.

सुरुवात झाली ती यंत्रावर टूल बसवण्याच्या कामापासून. मग टूल डिझाइन, मग त्या विभागाची जबाबदारी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ‘ट्रान्सफर लाइन’ या कल्पनेवर काम केले. एकच भाग एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप सरकत जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्यावर पुढचे काम होते, अशी ती रांग. अमेरिकेत जनरल मोटर्सने ही पद्धत युद्धाआधीच आणली होती. बेझिए यांनी ती सुधारली. युद्धानंतर रेनॉने ‘4 सीव्ही’ ही छोटी, सामान्यांना परवडणारी मोटार काढली, तिच्या भागांसाठी याच रांगा उभ्या राहिल्या. 1957 मध्ये ते कंपनीच्या मशीन टूल विभागाचे संचालक झाले. आकड्यांच्या आदेशावर चालणारी ड्रिलिंग आणि मिलिंग यंत्रे युरोपात ज्यांनी सर्वात आधी बनवली, त्यांत त्यांचा विभाग होता.

थोडक्यात, पन्नाशीला आलेला हा माणूस गणिती नव्हता. तो लोखंडात काम करणारा होता आणि पुढे जे घडले ते त्यामुळेच घडले.

तेव्हा मोटारीचा आकार एका हातातून दुसऱ्या हातात कसा जाई?

1960 च्या आसपास मोटारीच्या बॉडीचा प्रवास असा असे. स्टायलिस्ट लहान चित्र काढी. त्यावरून ड्रॉइंग ऑफिसमध्ये पूर्ण मापाचे रेखाटन होई. वळणे काढायला लाकडी किंवा प्लास्टिकचे वक्र फर्मे आणि लवचीक पट्ट्या असत. या लवचीक पट्टीचे इंग्रजी नाव ‘स्प्लाइन’, आणि आज कॅडमधल्या वक्राला तेच नाव आहे. रेखाटनावरून मातीचे मॉडेल, ते बघून दुरुस्त्या, मग त्याची मापे घेऊन पुन्हा रेखाटन, त्यावरून टेम्प्लेट, प्लास्टर, लाकडी मास्टर मॉडेल आणि शेवटी त्या मास्टरवरून नक्कल करत कापलेले पत्रा दाबण्याचे डाय.

यात प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आधीच्याचे काम ‘वाचत’ असे आणि स्वतःच्या हाताने पुन्हा काढत असे. कागदावर बॉडीचे ठरावीक अंतरावरचे छेदच असत. दोन छेदांच्या मधला आकार नेमका कसा, हे कागद सांगत नसे. ते कारागिराच्या नजरेवर सोडलेले असे. नजर कितीही तयार असली तरी दोन कारागिरांची नजर एक नसते. मग दरवाजा चौकटीत नीट बसला नाही की वाद सुरू. स्टायलिस्ट मातीच्या मॉडेलकडे बोट दाखवणार, ड्राफ्ट्समन कागदाकडे, टूलमेकर मास्टरकडे. त्यात लाकूड आणि प्लास्टर हवेतल्या ओलाव्याने हलते. म्हणजे ज्याला शेवटचा पुरावा मानायचे, तोच ऋतूप्रमाणे बदलणारा.

आजची इम्पोर्टची अडचण जवळपास हीच आहे. एकाने काढलेला आकार दुसरा ‘समजून घेतो’ आणि आपल्या रीतीने पुन्हा काढतो. फरक एवढाच की तेव्हा हे काम माणूस करत होता आणि त्याची चूक दिसायची. आता ते ट्रान्सलेटर काही सेकंदांत करतो आणि चूक डाय कापून झाल्यावर दिसते.

बेझिए यांनी नेमके काय केले?

त्यांच्या विभागाकडे आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र होते. ते सरळ रेषा आणि वर्तुळे बिनचूक कापे. मोटारीच्या बॉनेटचे वळण मात्र ना सरळ रेषा, ना वर्तुळ. ते आकड्यांत सांगता आले तर मधले सगळे हात गळून पडतील, हा विचार त्यांनी पकडला. चित्र पाठवायचे नाही, चित्राची व्याख्या पाठवायची. स्टायलिस्ट, ड्रॉइंग ऑफिस आणि यंत्र या तिघांनी तेच आकडे वाचायचे.

अडचण दुहेरी होती. हे आकडे यंत्राला कळायला हवेत आणि गणित न शिकलेल्या डिझायनरलाही हाताळता यायला हवेत. बेझिए यांची पहिली कल्पना कारखान्यातल्या माणसाला शोभणारी होती. एका ठोकळ्यात दोन लंबवर्तुळाकार नळकांडी एकमेकांना जिथे छेदतात, तो वक्र मूळ धरायचा. ठोकळा ताणला, दाबला, तिरका केला की आतला वक्रही त्याबरोबर बदलतो. म्हणजे वक्राला हात न लावता त्याच्या भोवतीच्या चौकटीला हात लावायचा. नंतर त्यांनी नळकांडी सोडून बहुपदींची सूत्रे वापरली. चौकटीची कल्पना मात्र ठेवली.

तीच आज ‘कंट्रोल पॉइंट’ म्हणून ओळखली जाते. साध्या प्रकारात चार बिंदू असतात. पहिला आणि शेवटचा वक्राची टोके. मधले दोन वक्रावर नसतात. ते बाहेरून त्याला आपल्याकडे ओढतात. दुसरा बिंदू हलवला की वक्र कोणत्या दिशेने निघतो ते बदलते, तिसरा हलवला की तो कुठून येऊन टेकतो ते बदलते. कोरल ड्रॉमध्ये फ्लेक्सचे डिझाइन करणाराही हेच करतो, फक्त तो त्याला ‘नोड ओढणे’ म्हणतो.

या पायावर उभ्या राहिलेल्या प्रणालीचे नाव ‘युनिसर्फ’. काम 1960 मध्ये सुरू झाले. 1968 मध्ये ती आकाराला आली आणि 1975 मध्ये रेनॉत पूर्णपणे वापरात आली, म्हणजे बेझिए निवृत्त झाले त्याच वर्षी. पडद्याशेजारी, किंबहुना पडद्यापेक्षा महत्त्वाचे, असे तिच्यात एक मोठे रेखाटन यंत्र आणि त्रिमिती मिलिंग यंत्र होते. डिझायनरने आकडे दिले की रेषा पूर्ण मापात कागदावर उमटे, आणि तेच आकडे वापरून मॉडेल कापले जाई. पटले नाही तर बिंदू हलवा आणि पुन्हा कापा.

प्राध्यापक दुराँ कोण होते?

कोणीच नव्हते. कारखान्यातल्या एका टूल अभियंत्याने शोधलेले गणित लोक गंभीरपणे घेणार नाहीत, अशी बेझिए यांना शंका होती. म्हणून त्यांनी आपल्या सूत्रांचे श्रेय ओनेझिम दुराँ नावाच्या एका प्राध्यापकाला देऊन टाकले. हे गृहस्थ केवळ त्यांच्या कल्पनेत होते. गंमत म्हणून हा किस्सा सांगितला जातो, पण त्यात तेव्हाच्या कारखान्याचे चित्रही आहे. सूत्र बरोबर असणे पुरेसे नव्हते. ते कोणाच्या नावावर आहे, यावर त्याचे वजन ठरत होते.

खरा गणिती दुवा नंतर सापडला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील रॉबिन फॉरेस्ट यांनी दाखवून दिले, की बेझिए यांची सूत्रे वेगळ्या प्रकारे मांडली तर ती रशियन गणिती सर्गेई बर्नस्टाइन यांच्या 1912 मधील बहुपदीच निघतात.

मग शोध कोणाचा?

इथे दुसरे एक नाव येते. रेनॉचा पॅरिसमधलाच प्रतिस्पर्धी सित्रोएन. तिथे 1958 मध्ये पॉल द कास्तेल्जो नावाचा तरुण गणिती रुजू झाला. 1959 मध्येच त्याने अशाच वक्रांचे टिपण लिहिले आणि ते काढण्याची आजही वापरली जाणारी सोपी कृती दिली. बेझिए यांच्या आधी. पण सित्रोएनने ते कुलूपबंद ठेवले. प्रतिस्पर्ध्याला कळू नये हा हेतू. बाहेरच्या जगाला त्या टिपणांचा पत्ता लागला तो 1975 च्या सुमारास, एका जर्मन गणितज्ञाला ती सापडल्यावर.

रेनॉने उलट केले. बेझिए यांनी 1968 मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपल्या पद्धतीवर निबंध मांडला, 1970 मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले, 1972 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यामुळे वक्राला नाव त्यांचे पडले. हा केवळ श्रेयाचा प्रश्न नाही. जी व्याख्या जाहीर होते तीच दुसऱ्याच्या यंत्रात जाऊ शकते. आजही एखाद्या प्रोग्रामची स्वतःची, बंद फाइल दुसऱ्यात नीट उघडत नाही आणि जाहीर स्वरूपातली फाइल बऱ्यापैकी उघडते, त्यामागे हेच कारण आहे.

व्याख्या जाहीर होती, तर फाइल का बिघडते?

कारण एकाच आकाराच्या अनेक व्याख्या शक्य असतात आणि प्रत्येक प्रोग्राम आपली निवडतो.

पहिली गोष्ट, वर्तुळ. बेझिए यांचा साधा वक्र कितीही केले तरी बिनचूक वर्तुळ होत नाही. चार तुकडे जोडून केलेले ‘वर्तुळ’ त्रिज्येच्या साधारण 0.027 टक्के चुकते. त्रिज्या 100 मिमी असेल तर चूक 0.027 मिमी. दुकानाच्या पाटीसाठी ती नगण्य, पण बेअरिंग बसवायच्या भोकात तेवढ्याने काम नापास होऊ शकते. ग्राफिक्सच्या प्रोग्राममधली वर्तुळे बहुधा अशी चार तुकड्यांची असतात. ती कॅडमध्ये आणली की ‘सर्कल’ न येता ‘स्प्लाइन’ येते, केंद्र निवडता येत नाही, व्यासाचे माप टाकता येत नाही. अभियांत्रिकी प्रोग्राम यासाठी प्रत्येक बिंदूला वेगळे वजन देणारा सुधारित वक्र वापरतात, त्यात वर्तुळ बिनचूक बसते. हे वजन घेणाऱ्या प्रोग्रामला कळले नाही की आकार हलला.

दुसरी गोष्ट, वक्राची पातळी. साध्या वक्रातून वरच्या पातळीच्या वक्रात जाणे नेहमी बिनचूक होते. उलट दिशेने मात्र तडजोड करावी लागते. एका लांब, सुरेख वक्राचे अनेक छोटे तुकडे होतात. मोटारीच्या बॉडीतली वळणे सहसा वरच्या पातळीची असतात, म्हणून ती साध्या प्रोग्राममध्ये उतरली की तुकड्यांचा ढीग होतो. द्विमितीतही हेच होते. ‘डीएक्सएफ’च्या जुन्या ‘आर 12’ आवृत्तीत स्प्लाइन हा प्रकारच नाही. जुन्या कटिंग यंत्रासाठी त्या आवृत्तीत फाइल काढली की वळणाच्या जागी सरळ रेषांची साखळी येते आणि कापलेल्या पत्र्याच्या कडेला बोटाला पैलू जाणवतात.

तिसरी आणि सर्वाधिक त्रास देणारी गोष्ट, फट. दोन वक्र पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे ते गणिताने तंतोतंत सहसा जुळत नाहीत. किती फरक ‘जुळलेला’ मानायचा, हे प्रोग्राम ठरवतो. एखादा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत चालवून घेतो, दुसरा त्याहून शंभरपट कडक असतो. सैल प्रोग्राममध्ये बंद दिसणारा भाग कडक प्रोग्राममध्ये फटी असलेले टरफल म्हणून उघडतो. त्याला आतबाहेर कळत नाही, वजन निघत नाही, टूलपाथ बनत नाही.

एककाचा घोळ त्यामानाने बाळबोध. भाग 25.4 पट मोठा किंवा लहान आला तर इंच आणि मिलिमीटरची अदलाबदल झाली, हे उघड आहे. थ्रीडी प्रिंटिंगच्या ‘एसटीएल’ फाइलमध्ये तर एकक लिहिलेलेच नसते.

यावर जाहीर तोडगे कधी निघाले?

बेझिए निवृत्त झाल्यावर पाचच वर्षांनी. अमेरिकेत 1980 मध्ये ‘आयजेस’ हे देवाणघेवाणीचे स्वरूप प्रसिद्ध झाले. 1982 मध्ये ऑटोकॅडबरोबर ‘डीएक्सएफ’ आले. आयजेसमधून मुक्त वळणाचे पृष्ठभाग नीट जात नाहीत म्हणून जर्मन मोटार उद्योगाने स्वतःचे वेगळे स्वरूप काढले. या सगळ्यांची जागा घेण्यासाठी 1984 मध्ये काम सुरू झालेले ‘स्टेप’ 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आले.

तरीही प्रश्न संपला नाही. त्याचे सर्वात महाग उदाहरण एअरबस ए 380. हॅम्बुर्गमधील अभियंते ‘कॅटिया’ या प्रोग्रामची चौथी आवृत्ती वापरत होते, तुलूझमधले पाचवी. नाव एक, पण आतली रचना वेगळी. सुमारे 530 किमी तारा असलेल्या विमानात जोडणीच्या वेळी तारांचे जुडगे लांबीला कमी पडू लागले. 2006 मध्ये विमान लांबणीवर पडले आणि कंपनीने नफ्यात 4.8 अब्ज युरोची घट येईल असे जाहीर केले. पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडायला ऑक्टोबर 2007 उजाडला.

टूलरूममध्ये फाइल बिघडून आली तर?

आधी एकच ओळखीचे माप मोजावे. ते चुकले तर एकक तपासावे, पुढचे काहीच करू नये. माप बरोबर असेल आणि भाग टरफल म्हणून आला असेल, तर आयजेसऐवजी स्टेप मागावी. आयजेस बहुधा सुटे पृष्ठभाग आणते, स्टेप पूर्ण घन आकार आणू शकते. त्यानेही भागले नाही तर प्रोग्राममधील ‘हील’ किंवा इम्पोर्ट तपासणीची सोय वापरून उघड्या कडा शोधाव्यात आणि तेवढेच पृष्ठभाग नव्याने बांधावेत. फट बुजेपर्यंत टॉलरन्स सैल करत जाण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण त्यात छोट्या कडा आणि बारीक गोलाई गिळली जाते आणि तक्रार नंतर ग्राहकाकडून येते.

पाठवणाऱ्यानेही एक काम करावे. एक्स्पोर्ट केलेली फाइल आपल्याच प्रोग्राममध्ये परत उघडून मूळ भागाशी आकारमान ताडून बघावे. दोन मिनिटे लागतात. आणखी एक गैरसमज असा, की स्टेप फाइलमध्ये भाग कोणत्या क्रमाने बनवला याची यादी सहसा येत नाही, तिला लोक बिघाड समजतात. तो बिघाड नव्हे. अंतिम आकार आला, तो कसा घडवला ती कृती मागे राहिली. एसटीएल आली असेल तर मात्र मूळ फाइल मागण्याला पर्याय नाही. त्रिकोणांच्या जाळीतून खरे वळण परत मिळत नाही.

निवृत्तीनंतर बेझिए काय करत होते?

1968 पासून 1979 पर्यंत ते पॅरिसच्या एका नामवंत संस्थेत उत्पादन अभियांत्रिकी शिकवत होते. दरम्यान 1977 मध्ये, वयाच्या सदुसष्टीच्या आसपास, त्यांनी पॅरिस विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. दुराँ यांची गरज तोपर्यंत उरली नव्हती. 1985 मध्ये संगणक ग्राफिक्समधील मानाचा स्टीव्हन कून्स पुरस्कार त्यांना मिळाला.

तोवर त्यांचा वक्र मोटारींतून निसटून छपाईत पोहोचला होता. 1984 च्या पोस्टस्क्रिप्टमध्ये अक्षरांच्या कडा याच वक्रांनी आखल्या जाऊ लागल्या. मोबाइलच्या पडद्यावरचा देवनागरी ‘क’ किंवा ‘श’ही आज असाच उमटतो. मेख इथेही आहे. फॉन्ट बनवणारे बहुधा चार बिंदूंचा वक्र वापरतात, तर ट्रूटाइप फॉन्ट तीन बिंदूंचा. चारातून तीनात जाताना अक्षराच्या गोलाईचे तुकडे होतात. टूलरूममधली तीच अडचण, फक्त इथे ती डोळ्याला कळण्याइतकी मोठी नसते.

बेझिए यांचे 25 नोव्हेंबर 1999 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी निधन झाले. त्या वर्षी रेनॉत सुमारे 1,500 जण युनिसर्फ वापरत होते. 2007 पासून घन आकारांच्या गणितात काम करणाऱ्यांना त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. 2012 मध्ये तो पॉल द कास्तेल्जो यांना मिळाला.